मायच्या दातांची तार

मायचा पहिला दात पडला तो भाकरी खाताना. मी कामावर निघायच्या घाईत भराभर जेवत होतो आणि ती समोर बसून चावत होती. चावता चावता थांबली, तोंडात बोट घातलं आणि खालचा पुढचा एक दात काढून तळहातावर ठेवला. ना रक्त, ना ओरडणं. मी हातातला घास हातातच धरून बघत राहिलो. दात आख्खा होता, मुळासकट. कुठं कीड नाही, काळा ठिपका नाही. तिचं वय तेव्हा फार तर बेचाळीस-त्रेचाळीस असेल. "हलत व्हता कधीचा," एवढंच म्हणाली आणि उरलेली भाकरी चहात बुडवून खाल्ली.

वर्षभरात त्याच्या शेजारचे आणखी दोन गेले, तसेच, एक थेंब रक्त न सांडता. चौथा नुसता लोंबत होता. मला ते काही केल्या समजेना. म्हाताऱ्या माणसाचे दात पडतात हे ठीक, पण माझी माय डोक्यावर दोन घागरी घेऊन चढ चढायची. अशा बाईच्या तोंडातून चांगले आख्खे दात गळून पडतात म्हणजे काय?

मिश्री लावायची ती. तंबाखू तव्यावर काळीभोर भाजायची, चुरायची, आणि बोटानं हिरड्यांवर घासत बसायची. आमच्याकडं बहुतेक बायकांची सकाळ अशीच उजाडायची, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ही सवय तिला लागली बाहत्तरच्या दुष्काळात. तेव्हा आमचं सगळं घर हमरस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचं. तिथं खायला वाटलेली सुकडी ती आम्हा भावंडांत वाटून टाकायची आणि स्वतः डबीतली चिमूट काढून हिरडीवर फिरवायची. भूक मरती म्हणायची. आम्ही खात बसायचो. ती जेवली का, असं विचारल्याचं मला एकदाही आठवत नाही, आणि आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढं तालुक्यात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मी तिथं फिटर म्हणून चिकटलो. आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, रस्त्याला लागून. सायकलवर जाऊन-येऊन पाळी करायचो. आमच्या वस्तीत कारखान्याच्या कायम नोकरीवर लागलेला पहिला मी. कामाचा मला माज होता, खोटं कशाला बोलू. हललेली गोष्ट आवळायची, सुटलेली बांधायची, गळणारी बंद करायची, एवढंच मला येत होतं. पण एवढ्यावर जग चालतं अशी माझी खात्री होती.

मायचा मान वेगळ्या कारणानं होता. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा ती नुकती नांदायला आली होती. अक्षराची ओळख नाही, पण ऐकून ऐकून सगळी वंदना तिनं पाठ केली. पौर्णिमेला संध्याकाळी समाजमंदिरात माणसं जमली की पुढं बसून ती सांगायची आणि मागं सगळे म्हणायचे. त्रिशरण झालं की पंचशील. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही, अशा पाच प्रतिज्ञा. पाचवी आली की मी तिच्या मिश्रीच्या डबीकडं बघून हसायचो. ती दात घासायची पूड आहे, नशा न्हाय, असं ती ठणकावून सांगायची.

दात गेल्यावर ते सगळं बिघडलं. तिच्या तोंडून "स" नीट निघेना, नुसती हवा जायची. एका पौर्णिमेला पुढं बसलेली पोरं फिदीफिदी हसली. मायनं वंदना पुरी केली, पण पुढच्या पौर्णिमेला ती मागच्या रांगेत जाऊन बसली. पदर तोंडावर. बायका थोरामोठ्यांपुढं तसाही पदर धरायच्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. त्याच सुमाराला माझं लग्न ठरलं होतं आणि माझ्या लग्नात वंदना माझ्या मायनंच सांगावी असा मी हट्ट धरला होता. त्यात तिच्यावरचं प्रेम किती आणि सासरच्यांपुढं मिरवायची हौस किती, ते मला आजही सांगता येत नाही.

उमरग्याच्या आठवडी बाजारात एक दात बसवणारा बसायचा. काचेच्या झाकणाची पेटी, तिच्यात मापामापाचे पांढरे दात मांडलेले. मी मायला घेऊन गेलो. त्या माणसानं तिला काही विचारलं नाही, हात धुतले नाहीत. लोंबणारा चौथा दात दोन बोटांनी उपटला आणि मातीत टाकला. मग एका टोपणात कसलीशी पूड आणि पाणी कालवून गुलाबी लगदा केला, त्याचा वास असा की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. चार नवे दात त्यात रोवून तो लगदा सरळ हिरडीवर दाबला आणि दोन्ही बाजूंच्या खऱ्या दातांना बारीक तारेनं करकचून बांधलं. लगदा वाळताना तापतो. मायनं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. "पोळतंय रं," ती तसल्या तोंडानं म्हणाली. तो माणूस म्हणाला, पोळलं म्हणजे पक्कं बसलं. हे काढायचे न्हाईत, ह्यांना घासायचं न्हाय, हे आता तुमच्यासंगंच जातील.

मी तेवढ्यात त्याच्या तारेचा पीळ निरखून घेतला. काम सफाईचं होतं, मला आवडलं.

लग्नात मायनं वंदना सांगितली. मांडवात शेवटच्या माणसापर्यंत शब्द न् शब्द ऐकू गेला. माझ्या सासऱ्यांनी मान डोलावली. मला रडू आलं आणि मी ते मुंडावळ्यांआड लपवलं. तिच्या ओठांमागं पांढरेशुभ्र चार दात चमकत होते आणि ते मी बसवून आणलेत हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

पाचसहा महिन्यांनी ते दात हलायला लागले. उमरग्याला दोनदा गेलो, पण तो माणूस जागेवर नव्हता. कुणी म्हणालं लातूरकडं गेला, कुणी म्हणालं बिदरला. मग मी म्हटलं, हलतंय तर आवळू, त्यात काय मोठंसं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मायला ओट्यावर उजेडात बसवलं, बारीक नाकाची पक्कड उकळत्या पाण्यातून काढली आणि तारेला एक पीळ दिला. घट्ट झाली. मायनं जीभ फिरवून बघितली आणि मान हलवली. मी खूश.

तीन आठवड्यांनी पुन्हा हलले. पुन्हा पीळ दिला. असं चारपाच वेळा झाल्यावर ती जुनी तार तुटली. तेव्हा कारखान्यात विजेच्या जळक्या मोटारी भरायच्या विभागातून मी तांब्याची तार आणली, मोटारीच्या गुंडाळीतली, मऊ आणि चिवट. ती बांधली. जुन्या तारेपेक्षा ती भारी वाटली. शेजारची एक बाई बघत उभी होती. म्हणाली, आमच्या सासूचं बी बघ की कधीतरी. मला त्याचाही अभिमान वाटला. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

दर सुट्टीला मी पक्कड घेऊन बसायचो आणि माय तोंड उघडायची. दुखतंय का विचारलं तर न्हाय म्हणायची. दुखत नव्हतं हे अर्धं खरं असावं, कारण मिश्री दिवसातून पाच-सहा वेळा लागायला लागली होती आणि मिश्रीनं हिरडी बधिर होते. घराला एक वास यायला लागला होता. उंदीर मेला असेल म्हणून मी फडताळं हलवून बघितली. माय माझ्या बायकोपासून लांब बसायला लागली, जेवण आपलं आपलं वेगळं घेऊन बसायची. हनुवटीखाली बेंड आलं तेव्हा हळद आणि कांद्याचं पोटीस बांधलं. बेंड फुटलं, वाळलं, पुन्हा फुटलं. पदराआड सगळं झाकून गेलं.

एक दिवस मी आंघोळ करत होतो आणि बायको मोरीच्या दाराशी येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "अवो," ती हळूच म्हणाली, "आत्याबाईंच्या हनुवटीतून चहा येतुया."

मला आधी वाक्यच कळेना. तसाच ओल्या अंगानं बाहेर आलो. माय बशीतून चहा पीत होती. घोट घेतला की हनुवटीखालच्या त्या बेंडाच्या भोकातून थेंब थेंब चहा टपकत होता, आणि ती सवयीनं पदराच्या टोकानं तो टिपत होती. म्हणजे हे आजचं नव्हतं. मी तिचा पदर बाजूला केला तेव्हा मला माझ्या मायचा चेहरा ओळखू आला नाही. खालचा ओठ सुजून बाहेर पडला होता. आठ दिवसांपूर्वी याच तोंडात मी पक्कड घातली होती. तेव्हा मी फक्त तार बघितली होती. तोंड बघितलंच नव्हतं.

सोलापूरची पहिली एसटी पकडली. मोठ्या दवाखान्यात दातांचा वेगळा विभाग होता, तेव्हा ते आम्हाला नवलच. तिथले डॉक्टर तरुण होते, आवाज शांत. मायला त्यांनी खुर्चीवर निजवलं, दिवा तोंडावर घेतला. मग कात्रीनं तार कापली आणि चिमट्यानं तो दातांचा गुलाबी पट्टा उचलला. शेजारच्या नर्सबाईंनी तोंड फिरवलं. पट्ट्याखाली सगळं काळं-हिरवं होतं, पू होता, ज्वारीचे कण होते. किती महिन्यांचे कोण जाणे. मी भिंतीला टेकलो.

डॉक्टरांनी तारेचा तुकडा उजेडात धरला, नखानं खरवडला. मग तो बाजूला ठेवून मायला विचारलं, "मावशी, ही तार दातांची नाही. ही मोटारीची तार आहे. तोंडात कुणी बांधली?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माय माझ्याकडं न बघता आधी बोलली, "त्यानंच. उमरग्याच्या बाजारातल्या माणसानं."

डॉक्टर त्या माणसाबद्दल चिडून काय काय बोलले. असल्या लोकांना तुरुंगात घातलं पाहिजे म्हणाले. मी मान खाली घालून ऐकत उभा होतो. नुसता उभा होतो.

मग त्यांनी मला नीट समजावलं. मायच्या दातांना काही झालं नव्हतं, रोग हिरड्यांचा होता. पायरिया. हिरडी सडत जाते, आतलं हाड झिजत जातं आणि धड दात आधार सुटून पडतो. मिश्रीनं रक्त दिसत नाही, दुखत नाही, म्हणून कळत नाही. वर पट्टा चिकटवला की खालची घाण आतच राहते. आणि तार आवळली की ती दाताच्या मुळाकडं सरकत हिरडीत शिरते. "प्रत्येक पिळाला ती आणखी खाली गेली असणार," ते म्हणाले. "ज्यानं कुणी आवळली, त्यानं पुन्हा पुन्हा आवळली आहे. आठदहा वेळा तरी." मी मनात मोजलं. अकरा वेळा.

जबड्याचे एक्स-रे फोटो काढले. इंजेक्शनं सुरू झाली. जबड्याचं पुढचं हाड मेलं होतं, ते काढावं लागणार होतं. जबडा राहील का, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, उघडल्यावर कळेल. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. बाहेर येऊन त्यांनी मला स्टीलचं तबक दाखवलं. त्यात करंगळीच्या दोन पेरांएवढा हाडाचा तुकडा होता, वाळक्या लाकडासारखा, आणि त्यावर अजून माझ्या मायचे दोन खरे दात उभे होते, ज्या दोन दातांना मी तार बांधली होती ते. दोन्ही चांगले आख्खे. नशीब, बाकीचा जबडा वाचला, असं डॉक्टर म्हणत होते. सांगायची ती दुसरी वेळ होती. तेव्हाही मी बोललो नाही.

माय तीन आठवडे तिथं राहिली. नर्सबाई रोज जखम धुवायच्या, कापसाची पट्टी भरायच्या. मिश्री बंद झाली ती कायमची. त्यानं तिची डोकेदुखी उठली, चिडचिड झाली, पण तिनं डबी पुन्हा मागितली नाही. हनुवटीचं भोक हळूहळू बुजलं, तिथं एक खड्डा राहिला. निघताना डॉक्टरांनी त्या बाजारातल्या माणसाविरुद्ध अर्ज लिहून आणला आणि मायला अंगठा द्यायला सांगितलं. तिनं हात पदरात घेतला. जाऊ द्या, त्याचं बी पोट हाय, असं म्हणाली. डॉक्टरांना तिचं मोठेपण वाटलं. तसं ते नर्सबाईंजवळ बोललेही.

सहा महिन्यांनी त्याच दवाखान्यात तिला काढता-घालता येणारी कवळी मिळाली. ती धुवायची, रात्री पाण्यात ठेवायची. उरलेले दात ती ब्रशनं घासायला शिकली, माझ्या बायकोकडून. बोलणं सुधारलं. आणि एका पौर्णिमेला बायकांनी हाताला धरून तिला समाजमंदिरात पुढं बसवलं.

मी दाराशी उभा होतो. त्रिशरण झालं, स्वच्छ. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. मग माय थांबली. मागं सगळे तिच्या तोंडाकडं बघत थांबले. ती समोरच्या मेणबत्तीकडं बघत बसली, ओठ मिटून. शेवटी एका म्हाताऱ्या बाबांनी चौथं सांगितलं, लोकांनी म्हटलं, आणि पाचव्यापासून मायनं पुन्हा सुरुवात केली. लोकांना वाटलं जबडा आखडला असेल. पुढच्या पौर्णिमेला तेच. त्याच्या पुढच्यालाही.

मी घरी तिला विचारलं. ती भाजी निवडत होती.

"खोटं बोलणार न्हाय असं कसं म्हणू?" ती म्हणाली. "म्या त्या डॉक्टरला खोटं बोलले. दुसऱ्याच्या माथी मारलं."

मी म्हणालो, माझ्यासाठी बोललीस.

"व्हय, तुझ्यासाठीच. तू जाऊन त्याला खरं सांग. मग म्हणते."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. मला वाटलं होतं की तिनं सहज वाचवलंय मला, आईनं वाचवावं तसं, आणि विषय संपलाय. तिला त्याचा काय त्रास झाला ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दात माझ्यामुळं गेले, हाड माझ्यामुळं गेलं, आणि आता वंदना सांगणं, जे तिचं एकटीचं होतं, ज्याच्या जोरावर ती इतकी वर्षं ताठ बसायची, तेही मीच मोडलं होतं.

पुढच्या सुट्टीला मी सोलापूरला गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. दवाखान्यात त्या खोलीत दुसरेच डॉक्टर बसले होते. आधीच्यांची बदली झाली, गेल्याच महिन्यात, नागपूरकडं कुठंतरी, असं नर्सबाईंनी सांगितलं. नव्या डॉक्टरांनी मला काय होतंय म्हणून विचारलं. काही नाही म्हणालो आणि बाहेर पडलो. नर्सबाई तर त्याच होत्या, त्यांना सांगता आलं असतं. पत्ता विचारून पत्र धाडता आलं असतं. मी स्टँडवर येऊन चहा प्यायलो आणि गाडीत बसलो.

गावात उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. माय दारातच उभी होती. सकाळपासून वाट बघत असावी.

"सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हणालो.

कसं निघालं तोंडातून, मला अजून कळलेलं नाही. तिनं नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पाणी आणायला आत गेली.

पुढची पौर्णिमा वैशाखातली, समाजमंदिर खच्चून भरलं होतं. मायनं त्रिशरण सांगितलं, मग एकापाठोपाठ एक शीलं, आणि चौथ्याला ती थांबली नाही. खणखणीत आवाजात सांगितलं, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं. सगळ्यांनी तिच्यामागं म्हटलं. मी दाराशी हात जोडून उभा होतो, माझं तोंड उघडेना. त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली, दर पौर्णिमेला वंदना सांगितली, आणि चौथं शील आलं की ती मान वळवून एकदा माझ्याकडं बघायची, समाधानानं.